झाकण लावलं का?

कसारा घाटातला हा प्रयोग आपण सगळ्यांनीच केलेला असतो. इगतपुरीला बाटलीतलं पाणी संपवायचं, झाकण घट्ट लावायचं. शहापूर येईपर्यंत बाटली चेमटलेली! नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, त्यामुळे इथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सहा-सात टक्के कमी. हे शाळेत शिकलो होतो, पण कयाकलाही लागू पडेल असं काही डोक्यात आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात अलिबागच्या किनाऱ्यावर आमच्या सी-कयाकच्या मागच्या हॅचचं झाकण निघेचना. नाशिकला घट्ट बसवून टपावर बांधलेलं. वीस सेंटिमीटरच्या झाकणावर हा फरक कागदावर वीसेक किलोंचा भार होतो. डबे सगळे आत, भूक लागलेली. एकाने गाडीची किल्ली घालून उचकटलं, आणि दोन वर्षं गच्चीत ऊन खाल्लेली रबराची कड फाटली.

"चिकटपट्टी लावू की!" मी नाही म्हणालो. सगळे वैतागले. पण माझं मत आजही तेच आहे.

कारण ते कप्पे सामानासाठी नसतात, हवेसाठी असतात. कयाक उलटली तर तीच हवा तिला तरंगत ठेवते आणि तुम्हाला परत चढता येतं. १०० लिटरचा कप्पा भरला म्हणजे एका टोकाला १०० किलो पाणी. होडी उभीच राहणार. मग वल्ही कितीही भारी असोत, उपयोग शून्य.

मोठ्या जहाजांचंही तेच. १९८० साली 'डर्बीशायर' हे जवळपास ३०० मीटर लांबीचं ब्रिटिश जहाज जपानजवळ वादळात बुडालं, ४४ माणसं गेली. २००० सालच्या चौकशीत दिसलं ते असं: नाकाडाच्या भागात हवेच्या नळ्यांवाटे पाणी शिरलं, नाक खाली गेलं आणि पुढच्या हॅचचं झाकण लाटांखाली कोसळलं.

आपल्याला करायचं तरी किती? घाट उतरताना झाकणं काढून गाडीत ठेवा. पाण्यात उतरण्याआधी बसवा आणि कडेवरून बोट फिरवून बघा. एका दोरीने झाकण होडीला बांधलेलं असू द्या. आतल्या आडव्या भिंतीला सुईएवढं भोक दिसलं तर गळती समजून बुजवू नका, ते दाब सारखा करायलाच असतं. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, खाचेतली वाळू काढा, सावलीत वाळवा. पेट्रोलियम जेली चोपडू नका, रबर फुगतं. थोडक्यात, आई कुकरची रिंग जपते तसं.

आपण ऑफिसातही असेच. नवीन फीचर आज, एरर हँडलिंग 'नंतर बघू'.

तेव्हापासून मित्र मला 'झाकण' म्हणतात. म्हणू देत. नवं झाकण मीच आणलंय, आणि ते सावलीत ठेवलंय.