हिवतापाचा शेवटचा रुग्ण कोण शोधणार?

दिल्लीच्या नैर्ऋत्येस असलेल्या द्वारका उपनगरात मी निवृत्तीनंतर स्थायिक झालो. तेथील सेक्टर ८ मध्ये राष्ट्रीय हिवताप संशोधन संस्था आहे. या संस्थेत १९९२ पासून परजीवींची एक पेढी चालवली जाते. रुग्णांच्या रक्तातून मिळवलेले हिवतापाचे परजीवी तेथे गोठवून जपले जातात आणि संशोधकांना पुरवले जातात. याच उपनगरात दोन मोठी विद्यापीठेही आहेत. सोने, ग्राफीन किंवा कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांपासून रोग ओळखणारे संवेदक बनवणे हा अशा विद्यापीठांतून सध्या देशभर हिरिरीने अभ्यासला जाणारा विषय आहे. केंद्र सरकारने २००७ साली ‘नॅनो मिशन’ला पाच वर्षांसाठी १००० कोटी रुपये मंजूर केले, त्यानंतर या क्षेत्रातील शोधनिबंधांच्या संख्येत भारत जगातील पहिल्या काही देशांत गणला जाऊ लागला. त्यांपैकी किती संवेदक आशा कार्यकर्तीच्या पिशवीपर्यंत पोहोचले, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

एक नक्कीच पोहोचला, आणि त्याला कोणी नॅनो-तंत्रज्ञान म्हणत नाही. हिवतापाच्या किटमधील पट्टीवर जी लाल रेघ उमटते, ती सोन्याच्या कणांची असते. सोने इतके बारीक केले की ते पिवळे न दिसता माणकासारखे लाल दिसते; मायकेल फॅरडेने १८५७ सालीच त्याचा अभ्यास मांडला होता. या कणांना प्रतिपिंडे चिकटवलेली असतात. रक्ताच्या थेंबात परजीवीने सोडलेले प्रथिन असेल, तर ती त्याला पकडतात आणि पट्टीवरील ठरावीक जागी कण साचून रेघ दिसू लागते. ना वीज लागते, ना सूक्ष्मदर्शक. पंधरा-वीस मिनिटांत निदान होते. गडचिरोलीतील भामरागड पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने तुटते, तेव्हा रक्तनमुना प्रयोगशाळेत पाठवण्याची वाट पाहणे म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे होय. तिथे ही पट्टीच प्रयोगशाळा असते.

या साधनाचा उपकार मोठा आहे. सरकारी आकडेवारीनुसार २०१५ मध्ये देशात हिवतापाचे ११ लाख ६९ हजार रुग्ण नोंदले गेले होते; २०२३ मध्ये ते २ लाख २७ हजारांवर आले. परंतु नेमक्या याच टप्प्यावर पट्टीच्या मर्यादा उघड्या पडतात. एका मायक्रोलिटर रक्तात दोनशेच्या आसपास परजीवी असले, तर ती भरवशाने बोलते. त्याहून बरेच कमी असले की तिचा भरवसा उरत नाही. साथ ओसरते तसे असेच रुग्ण मागे उरतात. त्यांना ताप नसतो, ते शेतावर जातात, त्यांच्या रक्तात थोडे परजीवी असतात आणि डासांना तेवढे पुरतात. उलट, फाल्सिपेरम परजीवीचे प्रथिन उपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहते, त्यामुळे बरा झालेला माणूसही आजारी ठरू शकतो.

याहून गंभीर बाब आहे ती परजीवीच्या बदलाची. बहुतेक किट फाल्सिपेरमचे ‘एचआरपी-२’ हे प्रथिन शोधतात. ते बनवणारे जनुकच गमावलेले परजीवी प्रथम पेरूमध्ये आढळले. एरिट्रियात त्यांचे प्रमाण इतके वाढले की त्या देशाला किट बदलावे लागले. भारतातील आठ राज्यांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे परजीवी सरासरी दोन-अडीच टक्के नमुन्यांत सापडले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशा जनुकलोपामुळे पाच टक्के रुग्ण निसटू लागले, तर किट बदलावे. आपण त्या रेषेच्या अलीकडे आहोत, पण फार दूर नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे १९६१ हे वर्ष आठवते. राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रमाच्या तिसऱ्या वर्षी देशात जेमतेम ५० हजार रुग्ण उरले होते. विजय मिळाला असे गृहीत धरून फवारणी व पाळत सैल झाली. डीडीटीला डास आणि क्लोरोक्वीनला परजीवी दाद देईनात. आणि १९७६ साली आकडा ६४ लाखांवर गेला. रुग्ण कमी झाले म्हणजे शोध कमी करावा, ही प्रशासनाला फार स्वाभाविक वाटणारी चूक आहे. हजार तपासण्यांत एकही रुग्ण न सापडणारे केंद्र अर्थसंकल्पाच्या बैठकीत उधळपट्टी करणारे ठरते!

अधिक संवेदनशील पट्टी बनवणे विज्ञानाला अशक्य नाही. कणांचा आकार बदलून, त्यांवर दुसरा थर चढवून किंवा रंगाऐवजी विद्युतसंकेत मोजून ते साधण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. अडते ते खरेदीच्या टेबलावर. निविदेत किमान पात्रता ओलांडली की सर्वांत कमी दराची बोली जिंकते. दुप्पट संवेदनशील पण सव्वापट महाग किट तेथे आपोआप हरते. अर्थ मंत्रालयाने २०२१ साली दर्जालाही गुण देण्याची मुभा दिली, पण ती कामांसाठी व सल्लागारेतर सेवांसाठी. वस्तूंच्या खरेदीला ती लागू झाली नाही. नोकरीच्या काळात अशा अनेक फायली माझ्यासमोर आल्या. अधिकाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. महाग वस्तू घेतल्याचा आक्षेप लेखापरीक्षणात निघतो, निसटलेल्या रुग्णाचा निघत नाही.

नव्या संशोधनाला आणखी अनुदान देण्याआधी सरकारने ग्राहक म्हणून आपली गरज लिहून काढावी: किती परजीवींपर्यंत निदान हवे, ‘एचआरपी-२’खेरीज कोणते प्रथिन शोधायचे, चाळीस अंशांच्या उन्हात आणि पावसाळी दमटपणात किट किती महिने टिकले पाहिजे, आणि या अटी पुऱ्या करणारे किती संच निश्चित दराने घेतले जातील. संशोधकांच्या यंत्रांची चाचणी द्वारकेच्या पेढीतील परजीवींवर आणि त्यानंतर गडचिरोली व ओडिशाच्या गावांत व्हावी, व तिचा निकाल अनुदानाच्या पुढील हप्त्याशी जोडावा. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या घरगुती कोविड चाचणीला मंजुरी मिळाली, तेव्हा मागणी समोर स्पष्ट होती. म्हणूनच उद्योग धावला.

भारताने २०२७ पर्यंत स्थानिक हिवतापाचे रुग्ण शून्यावर आणण्याचे व २०३० पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. जागतिक प्रमाणपत्रासाठी सलग तीन वर्षे शून्य दाखवावे लागते. श्रीलंकेने २०१६ मध्ये आणि चीनने २०२१ मध्ये ते मिळवले. आपले शून्य कोणत्या पट्टीने मोजले, असे परीक्षक विचारतीलच. तेव्हा किटच्या पुढच्या निविदेतच संवेदनशीलतेला गुण देण्याची तरतूद आरोग्य व अर्थ मंत्रालयांनी मिळून करावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, एक कार्यालयीन आदेश पुरतो.