आधी विचारा, मग आत या

आमच्या अकोल्याच्या खालांनी आपल्या मुलाला किडनी दिली. ऑपरेशन अमरावतीच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात झाले. गेल्या थंडीत भाईजानना सर्दी-खोकला झाला आणि अर्धा मोहल्ला इयादतीला जमला. त्यात आम्हीही होतो, गुळवेलीच्या काढ्याची बाटली घेऊन. ताप नव्हता, म्हणून निर्धास्तही होतो. वर्गात आरोग्याचे धडे शिकवणारे आम्ही, आणि हे असे!

भाभींनी बाटली तशीच परत दिली. दुसऱ्याची किडनी शरीराला परकी वाटते. शरीराने तिच्यावर हल्ला करू नये म्हणून टॅक्रोलिमससारख्या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात. तिथे ‘शक्ती वाढवणारा’ काढा कशाला? शिवाय गुळवेल घेतलेल्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली आहे.

शक्ती दाबलेली असल्याने अशा रुग्णाला ताप चढेलच असे नाही. विषाणू छातीत उतरला तरी अंग गार असू शकते. म्हणून भाभींचे लक्ष थर्मामीटरपेक्षा भाईजानच्या श्वासाकडे आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरकडे होते.

मेडिकलमधून गोळी आणायचे आम्ही सुचवले, तेही चुकलेच. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखे औषध रक्तातले टॅक्रोलिमस वाढवून किडनीलाच त्रास देते. अंगदुखीच्या आयब्रुफेन, डायक्लोफिनॅकचेही तसेच. भाभींनी पहिल्याच दिवशी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना फोन केला. नाकातला नमुना तपासला, फ्लू निघाला. किडनीच्या कामाप्रमाणे मात्रा ठरवून ऑसेल्टामिविर लगेच सुरू झाले. हे औषध पहिल्या दोन दिवसांत मिळाले तर उत्तम. रोजच्या गोळ्या मात्र भाभींनी स्वतःच्या मनाने बंद केल्या नाहीत. कमी-जास्त करायचे ते डॉक्टरच करतात.

भाईजान बरे झाले. क्रिएटिनिनचा रिपोर्ट येईपर्यंत खालांच्या घशाखाली घास उतरला नव्हता. त्यांची एकच किडनी उरली आहे, दुसरी द्यायची म्हटली तरी देता येणार नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली, तेव्हा मास्क, खिडक्या उघड्या ठेवणे, सगळे आम्ही शिकलो होतो. मग मास्क कपाटात गेले. आता खालांच्या घरी सगळे जण दरवर्षी फ्लूचे इंजेक्शन घेतात. नाकात मारायची जिवंत लस भाईजानना चालत नाही.

या ईदला आम्ही गेलो तर खाला दारातच उभ्या. “खांसी तो नहीं ना, बेटा?” आमच्या धाकट्याला होती. शीरखुर्मा आम्ही ओसरीवर बसून खाल्ला.