प्राध्यापक कसे आहेत, हे विचारावे कसे?

बारावीचा निकाल लागला की घरोघरी प्रवेशाची धावपळ सुरू होते आणि आजी-आजोबांनाही एक प्रश्न हमखास विचारला जातो, 'कोणता विषय घेऊ?' आपल्या काळी शाखा ठरली की विषय बहुतेक ठरलेलेच असत. आता तसे राहिलेले नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून प्रथम वर्षातच मुख्य विषयाच्या जोडीला खुले वैकल्पिक विषय आणि कौशल्याधारित विषय निवडावे लागतात. भूमसारख्या तालुक्याच्या गावीही हेच चित्र आहे. यादी लांबलचक, मुदत थोडी. मग मुले वरच्या वर्गातील मुलांना विचारतात, 'सर कसे आहेत? मॅडम मार्क देतात का?' मिळालेल्या उत्तरावर वर्षभराचा निर्णय होतो.

वाचकहो, आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे आपणांस वाटेल. कारण असे की, महाविद्यालयाच्या पहिल्या काही महिन्यांत झोप न लागणे, पोटात जळजळ, डोकेदुखी अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलामुलींशी बोलताना, न झेपणारा किंवा मनाविरुद्ध घेतलेला विषय पुष्कळदा पुढे येतो. शिवाय हा प्रश्न आपल्या परिचयाचाच आहे. 'डॉक्टर कसे आहेत?' असे विचारूनच आपण दवाखान्याची पायरी चढतो आणि कुणीतरी सांगते, 'त्यांच्या हाताला गुण आहे.' मुले 'गुण देणारे' सर शोधतात, आपण 'गुण असलेला' हात शोधतो.

अशा ऐकीव शिफारशींवर किती विसंबावे? १९७० साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. एका नटाला 'डॉक्टर फॉक्स' असे नाव देऊन मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आदी जाणत्या श्रोत्यांपुढे व्याख्यानास उभे केले. बोलणे रसाळ, विनोदही भरपूर. आशय मात्र जवळजवळ शून्य. तरीही श्रोत्यांनी व्याख्यानाला चांगला अभिप्राय दिला. भुरळ विद्वानांनाही पडते, मग अठरा वर्षांच्या मुलांना बोल कशाला लावावा?

त्याहून बोलका अभ्यास अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीतील आहे. तेथे विद्यार्थ्यांना प्राध्यापक निवडता येत नाहीत, वाटणी आपोआप होते आणि परीक्षा सर्वांना सारखीच असते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की ज्या प्राध्यापकांचे विद्यार्थी पहिल्या अभ्यासक्रमात चांगले गुण मिळवीत, त्यांना अभिप्रायही चांगले मिळत. परंतु पुढच्या अवघड अभ्यासक्रमात त्यांचेच विद्यार्थी मागे पडत. पाया खोल खणणारा शिक्षक पहिल्या वर्षी कठोरच वाटतो.

वैद्यकातही याला जोड आहे. २०१२ साली अमेरिकेतील पन्नास हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत, डॉक्टरांवर सर्वाधिक समाधानी असलेल्या रुग्णांचा औषधांवरील खर्च आणि मृत्यूचे प्रमाणही अधिक आढळले. समाधानामुळेच हे घडले, असे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु मागेल त्याला सलाईन लावणारा डॉक्टर लोकप्रिय असतो आणि लोकप्रिय उपचार योग्यच असतो असे नाही, हे आपण जाणता.

मग मुलांचे अभिप्राय टाकाऊ म्हणावेत काय? मुळीच नाही. रुग्णाला औषधाची मात्रा बरोबर होती की नाही हे सांगता येत नसले, तरी डॉक्टरांनी ऐकून घेतले का, नीट समजावले का, हे त्याच्याइतके कुणीच सांगू शकत नाही. विद्यार्थ्याचेही तसेच आहे. म्हणून नातवंडांना विचारण्याची रीत शिकवावी. 'सर चांगले आहेत का?' हा प्रश्न सोडून द्यावा. त्याऐवजी विचारावे : तास नियमित होतात का? अभ्यासक्रम पूर्ण होतो का? शंका विचारल्यास राग येतो का? अंतर्गत गुण देताना सर्वांना एकच माप असते का? पुढच्या सत्रात या विषयाचा उपयोग झाला का? आणि हे एकाला नव्हे, तिघाचौघांना विचारावे. त्यांत एक जण त्या विषयात नापास झालेला आणि एक जण उत्तम गुण मिळवलेला असावा.

आणखी एक सावधगिरी. आपल्याकडील अनेक महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरील प्राध्यापक शिकवतात. गेल्या वर्षी ज्यांची स्तुती ऐकली, ते यंदा असतीलच असे नाही. म्हणून कार्यालयात 'यंदा हा विषय कोण शिकवणार?' हे आधी विचारून घ्यावे. महाविद्यालयाचा विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा अहवाल संकेतस्थळावर असल्यास तोही वाचावा. त्यातून एकेका प्राध्यापकाचे नव्हे, तरी संस्थेचे वळण कळते.

आता आपल्या घरातला प्रश्न. सकाळी आजोबांना इन्सुलिन टोचून, आजीला गोळ्या देऊन एस.टी. गाठणारी मुलगी असेल, तर उत्तम प्राध्यापकाचा सकाळी सातचा तास तिला काय कामाचा? वेळापत्रक, उपस्थितीची अट, प्रात्यक्षिके यांचा विचार प्राध्यापकाच्या कीर्तीआधी व्हावा. आणि तिने आवडीचा विषय केवळ आपल्या औषधांच्या वेळेसाठी सोडला असेल, तर ती वेळ सांभाळण्यासाठी घरातील दुसरे कुणी पुढे यावे. इन्सुलिनची वेळ बदलायची असल्यास ती डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

निवड झाल्यावरही लक्ष असू द्यावे. नातवंडाची झोप, भूक किंवा बोलणे दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले दिसले, तर 'अभ्यास कर' हा उपदेश बाजूला ठेवून शांतपणे विचारपूस करावी आणि डॉक्टरांना दाखवावे. 'टेलिमानस'चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक मानसिक त्रासासाठी दिवसरात्र उपलब्ध आहे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कानी आल्यास मात्र क्षणभरही थांबू नये, मुलाला एकटे सोडू नये.

विषय चुकला तर पुढच्या सत्रात पुन्हा निवडीची संधी बहुधा मिळते, हे मुलांना घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकू द्या. तेवढ्यानेही पुष्कळांना रात्रीची झोप लागेल.