ऐकीव कीर्तीचे गुणपत्रक

बेळगावाहून खानापूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे उद्यमबागेतील फौंड्र्या आणि यंत्रशाळा मागे पडतात आणि थोड्याच अंतरावर मच्छे लागते. याच मच्छ्यास विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्य ठाणे आहे. १९९८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाशी कर्नाटकातील दोनशेंच्या आसपास इंजिनिअरिंग कॉलेजे संलग्न आहेत. त्यांच्या परीक्षांची सूत्रे येथून हलतात आणि हजारो तरुणांच्या पदवीवर शिक्का उमटतो तो येथलाच. असे असूनही दूरदेशीच्या एखाद्या विद्वान प्राध्यापकास मच्छे कोठे आहे असे विचारले, तर त्यास ते सांगता येणार नाही. यात त्याचा काही दोष नाही. परंतु त्याच्या या माहितीस किंवा माहितीच्या अभावास गुण देऊन त्यावरून विद्यापीठांचा दर्जा ठरू लागला, तर तो प्रश्न प्राध्यापकापुरता राहत नाही. तो आपल्या उंबरठ्याशी येतो. आणि आज तो तसा आला आहे, हेच वाचकांच्या नजरेस आणावयाचे आहे.

बारावीचा निकाल लागला की सीमाभागातील घरोघर एकच खल सुरू होतो. कर्नाटकाची सीईटी आणि महाराष्ट्राची सीईटी अशा दोन्हींचे आडाखे बांधले जातात. महाराष्ट्रातील कॉलेजांत सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी प्रवेशाची खास तरतूद असल्यामुळे कोल्हापूर, सांगली, पुणे ही नावे पुढे येतात. इकडे बेळगाव, हुबळी, बंगळूर आहेतच. निपाणीकरांची तर गोष्टच आगळी. त्यांच्या वेशीलगतचे देवचंद कॉलेज अर्जुननगरास, म्हणजे कागल तालुक्यात आहे आणि ते शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत येते. राज्ये दोन, विद्यापीठे अनेक, शुल्काचे नियमही निरनिराळे. यांची तुलना सामान्य माणसाने करावी तरी कशी? अशा वेळी कोणी तरी क्रमवारीचा कागद पुढे करतो. त्यावर अमुक कॉलेज चाळिसावे, तमुक नव्वदावे असे छापलेले असते. बाप तो आकडा वाचतो आणि शेताचा तुकडा गहाण टाकावा की पतसंस्थेचे कर्ज काढावे, हे त्या आकड्याच्या आधारे ठरवू लागतो. ज्या आकड्यावर संसाराचा एवढा भार टाकावयाचा, तो आकडा कशाचा बनला आहे हे पाहणे त्याचे कर्तव्य नव्हे काय?

आपल्या केंद्र सरकारने २०१५ साली राष्ट्रीय संस्थात्मक मानांकन आराखडा आखला आणि २०१६ साली त्याची पहिली यादी प्रसिद्ध केली. यात शंभर गुणांची वाटणी पाच भागांत केलेली आहे. अध्यापन व साधनसामग्री यांस तीस, संशोधनास तीस, विद्यार्थ्यांच्या निष्पत्तीस वीस, सर्वसमावेशकतेस दहा आणि उरलेले दहा गुण 'परसेप्शन' या सदरास. या शेवटच्या शब्दाचा सरळ मराठी अर्थ 'लोकांस काय वाटते' असा आहे. हे 'लोक' म्हणजे इतर संस्थांतील अध्यापक आणि नामांकित आस्थापनांतील व्यावसायिक व नोकऱ्या देणारे. ज्याचे मूल त्या कॉलेजात शिकते तो पालक यात नाही, आणि शिकणारा विद्यार्थीही नाही.

दहाच गुण, त्यात एवढे काय, असे कोणी म्हणेल. त्याने थोडा हिशेब करून पाहावा. दोन कॉलेजे इतर चारही सदरांत अगदी तोडीस तोड आहेत असे धरू. लोकमताच्या सदरात मात्र एकास शंभरांपैकी ऐंशी मिळाले आणि दुसऱ्यास वीस. दहा टक्क्यांच्या मानाने हा फरक एकूण बेरजेत सहा गुणांचा होतो. यादीच्या शिखरावर सहा गुणांनी फारसे बिघडत नसेल. परंतु खालच्या भागात एकेका गुणाच्या अंतरात कित्येक संस्था खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. तेथे सहा गुण म्हणजे क्रमांकांची मोठी उतरंड. शिकविण्यात काहीही उणे नसता एक संस्था वर जाते आणि दुसरी यादीबाहेर पडते. कारण एवढेच की एकीचे नाव कानांवरून गेलेले होते आणि दुसरीचे नव्हते.

परदेशी याद्यांत तर ऐकीव कीर्तीचे माप याहून मोठे आहे. लंडनहून निघणाऱ्या क्यूएस क्रमवारीत अध्यापकांच्या मतास तीस आणि नोकऱ्या देणाऱ्यांच्या मतास पंधरा, म्हणजे शंभरांपैकी पंचेचाळीस गुण केवळ प्रतिष्ठेचे आहेत. तेथीलच टाइम्स हायर एज्युकेशनच्या यादीत हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश पडते. या पद्धतीचे मूळ पाहू गेल्यास ते अमेरिकेत सापडते. 'यू. एस. न्यूज अँड वर्ल्ड रिपोर्ट' या नियतकालिकाने १९८३ साली आपली पहिली कॉलेज-क्रमवारी काढली, ती सर्वस्वी कॉलेजांच्या अध्यक्षांची मते विचारून. इतर मोजमापांची भर मागाहून पडली. परंतु मत विचारण्याची चाल गेली नाही, उलट जगभर पसरली.

मत विचारतात तरी कसे, तेही पाहण्यासारखे आहे. क्यूएसच्या सर्वेक्षणात अध्यापकास आपल्या विषयात उत्कृष्ट संशोधन करणाऱ्या स्वदेशातील दहापर्यंत आणि परदेशांतील तीसपर्यंत संस्था निवडावयाच्या असतात. स्वतःची संस्था मात्र निवडता येत नाही. आता कोणताही प्रामाणिक माणूस घ्या. त्याने स्वतः किती विद्यापीठांचे वर्ग पाहिलेले असतात? चार किंवा पाच. उरलेली नावे तो कोठून आणणार? जी वर्तमानपत्रांतून वाचली, परिषदांतून ऐकली, मित्रांच्या बोलण्यात आली, तीच तो देणार. आणि यांपैकी बरीचशी नावे त्याने मागील वर्षीच्या क्रमवारीतच वाचलेली असणार! म्हणजे यादीवरून मत बनते आणि मतावरून पुन्हा यादी बनते. बोमन आणि बॅस्टेडो या अमेरिकन संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दाखवून दिले आहे की, जागतिक क्रमवारीत आरंभी मिळालेल्या स्थानाची छाया पुढील वर्षांच्या प्रतिष्ठेच्या गुणांवर पडत राहते. ज्याचे नाव एकदा वर चढले त्यास ते नावच वर धरून ठेवते, आणि जो नवा, दूरचा किंवा आडगावचा, त्यास चढावयास पायरीच उरत नाही.

आपल्या भागास हे अधिक जाचते, आणि त्याची कारणे उघड आहेत. बेळगावची फौंड्री आणि हायड्रॉलिक यंत्रभागांचा उद्योग देशभर ठाऊक आहे. उद्यमबाग आणि मच्छे येथील कारखानदार येथलीच मुले कामावर घेतात. कोणत्या कॉलेजातून आलेल्या मुलास साच्यातील दोष ओळखता येतो आणि कोणास केवळ व्याख्या पाठ आहे, हे त्यांस आठवडाभरात कळते. नोकरी देणाऱ्यांचे खरेखुरे मत कोठे असेल तर ते येथे आहे. परंतु मत विचारावयाचे ते 'नामांकित' आस्थापनांस, असे एकदा ठरल्यावर पन्नास कामगारांच्या कारखान्याच्या मालकाकडे प्रश्नावली येण्याचा संभव तो किती? ज्यास ठाऊक आहे त्यास विचारावयाचे नाही, आणि ज्यास विचारावयाचे त्यास ठाऊक नाही, असा हा न्याय आहे. दूर बसून आपल्याविषयी ठरविणाऱ्यांचा अनुभव सीमाभागातील माणसास नवा नाही. म्हणूनच हा दोष त्यास इतरांआधी दिसावयास हवा.

दुसरे कारण भाषेचे. राष्ट्रीय मानांकनात संशोधनाची मोजदाद स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय सूचींवरून होते, आणि त्यांत मुख्यतः इंग्रजी नियतकालिके असतात. मराठीचा एखादा व्यासंगी अध्यापक सीमाभागातील बोली, लोकगीते किंवा जुनी दप्तरे यांवर वर्षानुवर्षे मराठीत लिहीत राहिला, तर त्याच्या श्रमांचा बहुतांश त्या सूचींच्या बाहेरच राहणार. संशोधनाच्या सदरात तो नाही, आणि त्यामुळे परक्याच्या स्मरणातही नाही. म्हणजे एकाच उणिवेची वजाबाकी दोनदा.

प्रतिपक्षाचे म्हणणेही न्यायाने ऐकले पाहिजे. ते म्हणतात, मत नको म्हणता, मग आकड्यांवर तरी विश्वास कसा ठेवावा? आकडे संस्थाच पुरवितात, आणि संस्था आकडे फुगवू शकतात. हा आक्षेप पोकळ नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने पुरविलेले आकडे बरोबर नाहीत, असे २०२२ साली त्याच विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी उघडकीस आणले, आणि अमेरिकन यादीत दुसरे असलेले ते विद्यापीठ त्याच वर्षी अठराव्या क्रमांकावर घसरले. २००३ साली निघालेल्या शांघायच्या यादीत तर कोणाचेही मत विचारीत नाहीत. पण तेथे तीस टक्के गुण माजी विद्यार्थ्यांच्या आणि अध्यापकांच्या नोबेल आदी पारितोषिकांवर आहेत, म्हणजे पुन्हा जुन्या आणि धनाढ्य संस्थांचेच फावते. हे सर्व खरे. परंतु यातला भेद ध्यानात घ्यावा. कोलंबियाचा आकडा खोटा होता म्हणूनच तो एका प्राध्यापकास तपासून खोडता आला. 'मला असे वाटते' हे कोणी तपासावे आणि कोणी खोडावे? आकडा चुकला तर तो पकडता येतो. मत पकडता येत नाही.

आमचे म्हणणे प्रतिष्ठेस काहीच अर्थ नाही असे मुळीच नाही. चांगल्या शिक्षकाची कीर्ती गावोगाव पसरते, आणि ती बहुधा खरी असते. कारण ती त्याच्या विद्यार्थ्यांच्या तोंडून पसरलेली असते. परंतु दुरून डोंगर साजरे दिसतात, ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केली नाही. जवळून पाहणाऱ्याचे मत आणि दुरून ऐकणाऱ्याचे मत ही एकाच तागडीत घालून त्यांची बेरीज अध्यापन आणि संशोधन यांच्या गुणांत करावी, यास आमचा विरोध आहे. असा विरोध आम्हीच करतो असेही नाही. २०२० साली पवईच्या संस्थेसह देशातील सात आयआयटींनी टाइम्सच्या यादीत भाग घेण्याचे नाकारले, ते तिच्या पद्धतीत पारदर्शकता नाही याच कारणास्तव. ज्यांच्या नावास कशाचीही ददात नाही त्यांनी जर हिशेब मागितला, तर लहान गावांच्या कॉलेजांनी तो का मागू नये?

यास्तव आमच्या दोन मागण्या आहेत. पहिली, राष्ट्रीय मानांकनातील लोकमताचे सदर एकूण बेरजेतून काढावे आणि ज्यास पाहिजे त्यास पाहता येईल असे स्वतंत्र छापावे. दुसरी, मत कोणाकोणास विचारले याचा तपशील दरवर्षी जाहीर करावा: किती जणांस विचारले, किती जणांनी उत्तर दिले, त्यांत राजधानीच्या शहरांतले किती आणि जिल्ह्याच्या गावांतले किती, मोठ्या कंपन्यांचे किती आणि लघुउद्योगांचे किती. नावे नकोत, संख्या पुरे.

सरकार हे करील तेव्हा करील. तोपर्यंत पालकांच्या हाती काही नाही असे मात्र नव्हे. राष्ट्रीय यादीत वरच्या संस्थांचे पाचही सदरांतील गुण वेगवेगळे दिलेले असतात. केवळ क्रमांक वाचून कागद मिटू नये. लोकमताचे गुण बाजूस सारून उरलेले चार पाहावेत. मानांकनात भाग घेणाऱ्या संस्थांस पुरविलेली माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. किती मुले वेळेत उत्तीर्ण झाली, किती जणांस नोकरी लागली, त्यांच्या पगाराचा मध्यमान काय, हे तीत आढळते. ते वाचावे आणि मग त्या कॉलेजात दोन वर्षे काढलेल्या आपल्याच गल्लीतील मुलास विचारावे की, प्रयोगशाळेतील यंत्र खरोखर चालते काय, अध्यापक वर्गावर येतात काय. आपली वाचनालये, माजी विद्यार्थ्यांच्या संघटना आणि उद्यमबागेतील कारखानदार यांनी मनावर घेतले, तर अशा प्रश्नांची उत्तरे दर वर्षी जूनपूर्वी एकत्र करून गावापुढे ठेवणे कठीण नाही. त्यात पहिला-दुसरा लावण्याचे कारण नाही. उत्तरे समोर असली म्हणजे क्रम ज्याचा तो लावील.

शेवटी एक आठवण. ज्यांचे नाव मच्छ्याच्या विद्यापीठास दिलेले आहे, ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात चाकरीस लागले. धरणाचे पाणी ठरावीक पातळीवर चढताच आपोआप उघडणाऱ्या दारांची त्यांनी योजना केली आणि १९०३ साली ती दारे खडकवासल्यास बसविली. ती योजना चांगली की वाईट हे ठरविण्यासाठी कोणी दूरदेशी प्रश्नावली धाडली नाही. पाणी चढले, दारे उघडली, आणि निकाल लागला. कीर्ती त्यानंतर आली आणि टिकली. शिक्षणसंस्थांची परीक्षाही अशीच, त्यांच्या कामाच्या पाण्याने झाली पाहिजे. तशी ती होईपर्यंत क्रमवारीचा कागद हाती आला, तर मच्छ्याच्या पालकाने तो वाचावा अवश्य. पण शेताचा तुकडा गहाण टाकण्यापूर्वी त्यातले पाहिलेले किती आणि ऐकलेले किती, एवढे मात्र निवडून घ्यावे.