रोजा, चोवीस तासांचे इन्सुलिन आणि आपले मौन

रमजान जवळ आला की आमच्या बीडच्या मोहल्ल्यांत दोन सल्ले फुकट मिळतात. "रोज्यात सुई चालत नाही, महिनाभर बंद ठेवा," हा पहिला. "डॉक्टरांना रोज्याचं सांगू नका, ओरडतील," हा दुसरा. दोन्ही धर्माच्या नावावर खपतात आणि दोन्ही जिवावर बेततात.

ग्लार्जिनसारखे इन्सुलिन जेवण पचवण्यासाठी नसते. ते सुमारे 24 तास संथपणे काम करते. पोट रिकामे असले तरी यकृत रक्तात साखर सोडतच राहते, तिला हे इन्सुलिन आवर घालते. त्यामुळे "जेवण नाही तर सुई नाही" हा हिशेबच चुकीचा आहे. टाइप 1 च्या रुग्णाने ते बंद केले तर जीव जाऊ शकतो. उलट, नेहमीचा डोस जसाच्या तसा घेऊन दिवसभर उपाशी राहिले तर साखर घसरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. 2001 साली 13 देशांत झालेल्या एपिडायर पाहणीत रमजानमध्ये साखर गंभीरपणे घसरण्याचे प्रमाण टाइप 2 मध्ये 7.5 पट झाल्याचे दिसले होते.

मार्ग आहे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाची मार्गदर्शिका सांगते की दिवसातून एकदा घ्यायचे हे इन्सुलिन इफ्तारला घ्यावे आणि डोस 15 ते 30 टक्के कमी करावा. किती कमी, ते डॉक्टरच ठरवणार. 30/70 मिश्रणाचा हिशेब वेगळा, तिथे हा नियम लावू नये. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा.

आणि धर्म? सूरह बकराच्या 184 व 185 व्या आयतींत आजाऱ्याला सवलत आहे. बोट टोचून साखर तपासल्याने किंवा इन्सुलिन घेतल्याने रोजा तुटत नाही, असे अनेक उलेमा सांगतात. अल्लाहने दिलेली सवलत नाकारण्यात कसली परहेजगारी?

डॉक्टरांनाही विचारायचे आहे. "रोजा धरू नका" एवढे बोलून पुढचा पेशंट बोलावला की जबाबदारी संपते का? तो माणूस घरी जाऊन गुपचूप रोजा धरतो. चिठ्ठीवर तुम्ही "रात्री" लिहिता. रमजानच्या रात्रीत इफ्तार, तरावीह आणि सहरी तिन्ही येतात. यातली कोणती वेळ, ते लिहा.

मशिदीत जकात-फित्र्याची घोषणा होते, तशी रजबच्या पहिल्या जुम्म्याला एक घोषणा व्हावी: "इन्सुलिन घेणाऱ्यांनी आत्ताच डॉक्टरांना भेटावे, रोज्याचे सांगावे, वेळ आणि डोस लिहून घ्यावा." तपासणी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी व्हायला हवी. चांद रात्रीला धावपळ करून उपयोग नाही.

मशीद कमिट्यांनो, या घोषणेला पैसा लागत नाही. मग अडले कुठे?