लॉग म्हणजे रद्दी नव्हे!

'डिस्क फुल'चा अलर्ट आला की आपल्याकडे पहिली कुऱ्हाड लॉगवर पडते. रात्री दोन वाजता ऑन-कॉलवर जे कोणी पोरगं असेल ते सर्व्हरवर शिरतं, सगळ्यात जाडजूड फाइल शोधतं आणि आरएम मारून मोकळं होतं. सकाळी मेल, 'इश्यू रिझॉल्व्ड'. त्यावर मॅनेजरचं 'गुड जॉब'. माझा राग त्या पोरावर नाही मंडळी, या 'गुड जॉब'वर आहे.

एक तर काम झालेलंच नसतं. लिनक्समध्ये चालू प्रोसेसने फाइल उघडून ठेवली असेल तर आरएमने फक्त तिचं नाव जातं, जागा अडलेलीच राहते. मग डीएफ म्हणतो डिस्क भरलेली, डीयू म्हणतो इथे तर काहीच नाही, आणि पोरगं भूत बघितल्यासारखं स्क्रीनकडे बघत बसतं. शेवटी कोणीतरी फोनवर सांगतो, "टॉमकॅट रिस्टार्ट कर." जागा मोकळी होते, पण त्याबरोबर त्या फाइलमधला सगळा पुरावाही कायमचा जातो. (प्रोसेस जिवंत असेपर्यंत तीच फाइल प्रॉकमधून परत काढता येते. पण हे सांगणारा रात्री दोनला जागा नसतो!)

'पुरावा' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. कुणाच्या तरी खात्यातून पैसे गेलेत, तिकीट आलेलं नाही, आणि सपोर्टवाला शांतपणे सांगतो, "सर, आमच्याकडे असा व्यवहार दिसत नाही." दिसेल कसा? काल रात्री तो 'रिझॉल्व्ह' झाला ना! पैसे गेलेल्या माणसाच्या बाजूने बोलणारी कदाचित तेवढी एकच ओळ होती.

आता हे पाप कुणाचं? सगळे ऑप्सकडे बोट दाखवतात. मला ते मुळीच पटत नाही. टॉमकॅट स्वतःची कॅटॅलिना डॉट आउट फाइल फिरवत नाही, हे काय कालपरवा कळलंय? कन्सोलवर जे जे प्रिंट होतं ते तिथे साचत जातं, आणि डेव्हलपर मंडळी डिबगिंगचे सिस्टम डॉट आउट तसेच ठेवून प्रॉडक्शनला पाठवतात. लॉगफोरजेच्या जुन्या १.x आवृत्तीतला डेली रोलिंग अपेंडर रोज नवी फाइल करायचा, पण जुन्या किती ठेवायच्या हे सांगायची सोयच त्यात नव्हती. त्या आवृत्तीचा सपोर्ट २०१५ मध्ये संपला. "अहो, डिस्क स्वस्त आहे" म्हणणाऱ्या आर्किटेक्टबद्दल तर बोलायलाच नको. स्वस्त आहे ना? मग रात्री दोनला उठून तुम्हीच जोडा.

"आम्ही लॉगरोटेट लावलंय की" हे पुढचं उत्तर. लावलंय म्हणजे कुठून तरी कॉपी-पेस्ट केलंय. साइजपुढे १०० एमबी लिहिलं की फाइल १०० एमबीवर थांबेल असा गोड समज असतो. लॉगरोटेट काही फाइलवर पहारा देत बसत नाही. सहसा ते दिवसातून एकदा चालतं आणि तेव्हाच फाइल मोजतं. मधल्या वेळात एखादं एक्सेप्शन लूपमध्ये अडकलं तर तीच फाइल २० जीबी होईल. कॉपीट्रंकेटचंही तसंच. आधी कॉपी, मग मूळ फाइल रिकामी, आणि या दोहोंच्या मधल्या क्षणात लिहिलेल्या ओळी गेल्या. ही गोष्ट त्याच्या मॅन पेजवर स्पष्ट लिहिलीये. वाचतो कोण?

बरं, याचा अर्थ सगळंच जपून ठेवा असाही नाही. मे २०१८ मध्ये ट्विटरला आपल्या सगळ्या युजर्सना पासवर्ड बदला म्हणून सांगावं लागलं, कारण हॅश होण्याआधीच पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते. मार्च २०१९ मध्ये फेसबुकचेही कोट्यवधी पासवर्ड अंतर्गत सिस्टिममध्ये उघडे सापडले. एवढ्या मोठ्यांची ही गत, तर आपण रिक्वेस्टची अख्खी बॉडी लॉगमध्ये ओततो त्याचं काय? कार्ड नंबर, ओटीपी, सगळं तिथे. म्हणजे जे ठेवायचं ते पुसतो आणि जे लिहायचंच नव्हतं ते ठेवतो. धन्य!

आणि हा आता निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न राहिलेला नाही. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या सिस्टिमचे लॉग मागचे १८० दिवस सांभाळायचे आहेत. बागुलबुवा करण्याइतकं ते अवघड नाही. रोजचा २ जीबी लॉग धरला तर १८० दिवसांचे ३६० जीबी. मजकुराची फाइल जीझिप केली की बऱ्याचदा दहाव्या हिश्शावर येते, म्हणजे साधारण ३६ जीबी. त्या वेगळ्या पार्टिशनवर टाका, म्हणजे लॉग भरला तरी डेटाबेसचा श्वास अडकणार नाही. चहा गार व्हायच्या आत होणारा हा हिशोब, पण मी आजवर पाहिलेल्या एकाही डिझाइन डॉक्युमेंटमध्ये तो नव्हता. 'कंपनी लोगो कुठे असावा' यावर मात्र दोन पानं होती.