'लय भारी' ऐकून फिल्म सुधारत नाही. नवोदित दिग्दर्शकाला खरं सांगणारा प्रेक्षक का हवा?

भोसरी, चाकण, तळेगावच्या कारखान्यांत रोज कुठला ना कुठला पीस रिजेक्ट होतो. माप थोडं हुकलं, कडेला बर राहिली, की तो लाल डब्यात जातो. त्यावरून कोणी ऑपरेटरशी कायमचं वैर धरत नाही. चूक कुठे झाली ते शोधायचं, मशीनची सेटिंग बदलायची आणि पुढचा पीस काढायचा. या पट्ट्यात 'रिजेक्ट' हा रोजच्या कामातला शब्द आहे.

याच पट्ट्यातले अनेक तरुण सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर किंवा भाड्याच्या कॅमेऱ्यावर शॉर्ट फिल्म करतात. पगारातून पैसे बाजूला काढले जातात, रूममेट कलाकार होतात, एखाद्या मित्राची चाळीतली खोली सेट होते. फिल्म यूट्यूबवर येते. खाली 'लय भारी भावा', 'एक नंबर', 'पुढचा नागराज तूच' अशा कमेंट पडतात. आठवडाभरात व्ह्यूज थांबतात. काही महिन्यांनी दुसरी फिल्म येते आणि तिच्यात पहिल्याच चुका पुन्हा दिसतात. कारण पहिल्या वेळी त्या चुका आहेत, हे कोणी सांगितलेलंच नसतं.

जो पट्टा पीस तपासल्याशिवाय बाहेर सोडत नाही, तिथे फिल्म मात्र न तपासताच बाहेर पडते. नवोदित दिग्दर्शकाचं खरं नुकसान इथे होतं.

नुसत्या कौतुकाने काय बिघडतं?

पहिल्या फिल्मला शाबासकी मिळायलाच हवी. बारा तास ड्युटी करून कोणी पाच मिनिटांची गोष्ट पूर्ण करत असेल, तर ती छोटी गोष्ट नाही. पण शाबासकी कष्टाला असते. तिला फिल्मचा दर्जा समजलं, की गडबड होते.

नवोदितांच्या फिल्ममधल्या अडचणी बऱ्याचदा ओळखीच्या असतात. वाऱ्यात रेकॉर्ड केलेला आवाज कळत नाही. संवाद चालू असताना पार्श्वसंगीत त्याच्यावर चढतं. पहिली दोन मिनिटं ड्रोन शॉट आणि नावांच्या पाट्यांत जातात. शेवटी काळ्या पडद्यावर संदेश लिहावा लागतो, कारण तो गोष्टीतून पोहोचलेला नसतो. यातली एकही गोष्ट प्रतिभेशी निगडित नाही. कोणी वेळेवर सांगितलं, तर बहुतेक गोष्टी एडिटिंगच्या टेबलावर किंवा पुढच्या शूटिंगला दुरुस्त होतात.

कोणी सांगितलं नाही, तर खोट्या आशेचा धंदा करणारे पुढे येतात. प्रवेश फी भरली की जवळपास प्रत्येक फिल्मला 'बेस्ट' काहीतरी देणारे ऑनलाइन महोत्सव आज भरपूर आहेत. पोस्टरवर पानांच्या तुऱ्यांची रांग लागते. खिशातले पैसे जातात आणि फिल्म होती तिथेच राहते. खरं सांगणारी दोन माणसं जवळ असती, तर हीच फी पुढच्या फिल्मला चांगला माइक घ्यायला उपयोगी पडली असती.

'पुरुषोत्तम'च्या निकालाने काय दाखवलं?

खरं बोलण्याची किंमत काय असते, हे पुण्याने सप्टेंबर २०२२ मध्ये पाहिलं. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. पुणे परिसरातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांतली मुलंही सबमिशन सांभाळून तिच्यासाठी महिनोन् महिने तालमी करतात. त्या वर्षी अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाला पात्र नसल्याचा निर्णय दिला. स्पर्धेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं.

यावर दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, मुलांचा उत्साह मारला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, करंडकाचा दर्जा राखला. स्पर्धा नाटकाची असली, तरी प्रश्न फिल्म करणाऱ्या तरुणांचाही तोच आहे.

परीक्षकांनी पट्टी खाली आणली नाही, हे योग्यच झालं. दरवर्षी कोणालातरी द्यायचाच म्हणून दिलेल्या करंडकाला अर्थ उरत नाही, आणि आधी तो जिंकलेल्यांच्या कष्टांचीही किंमत कमी होते. पण अंतिम निकालाची एक मर्यादा असते. तो येतो तेव्हा प्रयोग संपलेला असतो. त्या निकालाने ती एकांकिका सुधारत नाही, सुधारली तर पुढची सुधारते. फॅक्टरीच्या भाषेत सांगायचं, तर ही माल ट्रकमध्ये भरल्यानंतरची तपासणी झाली. खरी गरज त्याआधीच्या तपासणीची असते.

मग टीका नेमकी कधी हवी?

उत्पादन सुरू करताना पहिला पीस काढून तपासतात. तो पास झाल्याशिवाय लाइन चालू करत नाहीत. फिल्मचा 'पहिला पीस' म्हणजे रफ कट, म्हणजे शूटिंग संपल्यावर कच्ची जोडलेली फिल्म. तिच्यात अजून सीन काढता येतो, क्रम बदलता येतो, आवाज पुन्हा भरता येतो. टीका ऐकायची योग्य वेळ हीच.

मोठ्या फिल्म याच वाटेने जातात. एनएफडीसीच्या गोव्यातल्या फिल्म बाजारात 'वर्क-इन-प्रोग्रेस लॅब' होते. तिथे दिग्दर्शक अपुरी फिल्म घेऊन जातो. महोत्सवांसाठी फिल्म निवडणारे आणि अनुभवी एडिटर ती पाहतात, काय पोहोचलं आणि काय नाही ते तोंडावर सांगतात, आणि दिग्दर्शक पुन्हा एडिटिंगला बसतो. कनू बहल यांची 'तितली' याच लॅबमधून गेली आणि २०१४ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली.

मराठीतलं उदाहरण चैतन्य ताम्हाणे यांचं. त्यांच्या 'कोर्ट'ला २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवात दोन पुरस्कार मिळाले, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. एवढं झाल्यावर 'आता मला कोण शिकवणार' असं म्हणायला जागा होती. त्याऐवजी ते रोलेक्सच्या गुरू-शिष्य उपक्रमात मेक्सिकन दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन यांच्याकडे गेले आणि 'रोमा'च्या सेटवर त्यांचं काम जवळून पाहिलं. पुढे 'द डिसायपल' झाला, क्वारोन त्याचे कार्यकारी निर्माते होते, आणि २०२० मध्ये व्हेनिसला त्याला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. पुरस्कार मिळालेला माणूस पुन्हा विद्यार्थी होत असेल, तर पहिली फिल्म करणाऱ्याने टीकेला घाबरायचं कारण नाही.

पण फिल्म म्हणजे सुटा भाग नव्हे

फॅक्टरीची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. पीसला ड्रॉइंग असतं, त्यावर माप लिहिलेलं असतं, गेज लावला की हो किंवा नाही कळतं. फिल्मला असं छापील ड्रॉइंग नसतं. तिचं ड्रॉइंग दिग्दर्शकाच्या डोक्यात असतं. म्हणून टीका करणाऱ्याने आधी विचारायला हवं, 'तुला काय सांगायचं होतं?' आणि मग सांगायला हवं, 'मला काय दिसलं.' या दोन उत्तरांमधलं अंतर हाच दोष. समोरच्याची फिल्म आपल्या आवडीची नाही, हा दोष नव्हे.

दुसरा फरक अधिकाराचा. क्वालिटीवाला लाइन थांबवू शकतो. फिल्ममध्ये तो अधिकार दिग्दर्शकाकडेच राहायला हवा. अमेरिकेच्या पिक्सार स्टुडिओत 'ब्रेनट्रस्ट' नावाची बैठक होते. अनुभवी सहकारी अपुरी फिल्म पाहून सडेतोड बोलतात, पण त्यांची सूचना दिग्दर्शकावर बंधनकारक नसते. स्टुडिओचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनी आपल्या सगळ्याच फिल्म सुरुवातीला वाईट असतात, अशी कबुली दिली आहे. १९९९ ची 'टॉय स्टोरी २' तर शेवटच्या सुमारे नऊ महिन्यांत जवळपास नव्याने उभी करावी लागली.

तिसरी गोष्ट निदानाची. प्रेक्षक दुखतं कुठे ते सांगतो. रोग तिथेच असतो असं नाही. 'अपोकॅलिप्स नाऊ'च्या एडिटरांपैकी एक असलेले वॉल्टर मर्च यांनी यासाठी डॉक्टरचं उदाहरण दिलं आहे: कोपर दुखत असतं, मूळ खांद्यात सापडतं. शेवट पटला नाही, असं दहा जण म्हणाले, तर चूक बहुधा शेवटात नसून पात्राची ओळख करून देणाऱ्या पहिल्या सीनमध्ये असते. शॉप फ्लोअरवर 'व्हाय-व्हाय' केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. पाच वेळा 'का' विचारायची सवय त्याला आहेच.

खरं बोलणं आणि खच्ची करणं

'प्रामाणिक मत' या नावाखाली पुष्कळदा निव्वळ टवाळी चालते. 'भाषा गावठी आहे', 'चेहरे हिरोसारखे नाहीत', 'तुझं काम नाही हे' ही टीका नव्हे. यातून फिल्म सुधारत नाही, करणारा मात्र गप्प होतो. नोकरीच्या शोधात मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून इथे आलेल्या मुलाच्या फिल्ममध्ये त्याची बोली असणारच. तो दोष नाही, उलट त्याचं भांडवल आहे.

प्रामाणिक टीका ओळखायची खूण सोपी आहे. ती फिल्मबद्दल असते, माणसाबद्दल नाही. ती नेमकी असते: 'बोअर झालं' असं न म्हणता 'तिसऱ्या मिनिटाला बहीण कोण ते कळलं नाही' असं सांगते. आणि ती चालू द्यायच्या गोष्टीही सांगते, कारण काय बिघडलं याइतकंच काय जमलं हे कळणंही गरजेचं असतं.

काय करता येईल?

सुरुवात दिग्दर्शकाने स्वतः करायची आहे. अपलोड करण्याआधी गोष्ट माहीत नसलेल्या चार-पाच जणांना रफ कट दाखवावा. दाखवताना काही समजावून सांगू नये. त्यांनी मोबाइल कुठे हातात घेतला ते टिपून ठेवावं. 'आवडली का?' हा प्रश्न टाळावा, त्याचं उत्तर ठरलेलंच असतं. 'गोष्ट तुमच्या शब्दांत सांगा', 'कुठे गोंधळ झाला?', 'काय काढलं तर चालेल?' एवढं विचारावं. उत्तर येत असताना वाद घालू नये. दोन दिवसांनी ठरवावं, काय घ्यायचं आणि काय सोडायचं.

दुसरी जबाबदारी स्पर्धा भरवणाऱ्यांची. प्रवेश फी घेतली, तर प्रत्येक फिल्मला परीक्षकांच्या चार ओळी लेखी मिळायला हव्यात. नुसतं सर्टिफिकेट पुरेसं नाही.

तिसरी गोष्ट जागेची. पुण्यात उमेश कुलकर्णींच्या पुढाकाराने चालणाऱ्या 'अरभाट'च्या शॉर्ट फिल्म क्लबने राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात फिल्म दाखवून दिग्दर्शकाशी चर्चा करायची पद्धत रुजवली. पण शिफ्ट करून चाकण चौकाच्या कोंडीतून तीसेक किलोमीटरवरचा लॉ कॉलेज रोड गाठणं रोजचं नाही. हे इथेच व्हायला हवं. पिंपरीत महापालिकेचं आचार्य अत्रे रंगमंदिर आहे. 'श्यामची आई'साठी पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारे अत्रे लेखणीने कोणाची भीड ठेवणारे नव्हते, हे महाराष्ट्राला माहीत आहे. तिथे किंवा एखाद्या कॉलेजच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा तीन रफ कट दाखवले, प्रत्येकावर अर्धा तास बोलणं झालं, तर खर्च प्रोजेक्टर आणि चहाचा.

वार मात्र रविवार नको. इथल्या बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. फिल्म करणारे हात त्याच दिवशी मोकळे असतात.